पहिली की दुसरी?

माणसे कशावरून भांडतील याचा नेम नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. कचेरीतील माणसांपुरता मात्र हा नेम पुष्कळसा सांगता येतो. पंख्याखालची जागा, दिवाळीतील रजा, चहाचे पैसे आणि साहेबांच्या खोलीत कोण किती वेळ बसतो याचा हिशेब, ही भांडणाची चार सनातन कारणे कोणत्याही कचेरीत सापडावयाचीच. आम्ही उमेदवारीची वर्षे ज्या कचेरीत काढली, तेथे यांखेरीज पाचवे एक कारण होते आणि ते या चारींहून चिवट होते. ते कारण म्हणजे शुद्धलेखन. पंख्याखालच्या जागेचे भांडण पावसाळा लागला की मिटे. वेलांटीच्या भांडणाला ऋतू नव्हता.

मराठी विषय घेऊन बी. ए. झालेले आम्ही १९७३ साली दक्षिण महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. कारकुनी करताना आपल्या पदवीचे काय करावे, हे पुष्कळ पदवीधरांना उमगत नसे. आमचे तसे नव्हते. आमच्या सदऱ्याच्या खिशात शुद्धलेखनाच्या नियमांची एक पातळशी पुस्तिका असे, आणि आपला जन्म कशासाठी झाला आहे याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नव्हती. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले होते. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले होते. सरकारी कारभार मराठीत चालावा हे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ठरलेलेच होते. भाषा होती, नियम होते. उणीव होती ती केवळ ते नियम पाळून घेणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस आता रुजू झाला होता!

दुर्दैवाने त्याच खोलीत आमच्या आधी तेवीस वर्षे दुसरे एक गृहस्थ रुजू झालेले होते. ते आमचे हेडक्लार्क. सारी कचेरी त्यांना अण्णा म्हणे. अण्णांचे अक्षर मोत्यासारखे, आणि त्या मोत्यांवर अनुस्वारांची नक्षी. त्यांचे शिक्षण जुन्या वळणाचे. ज्या बिंदूंसाठी लहानपणी तळहातावर छड्या खाल्ल्या, ते बिंदू कोणा समितीने एका फटकाऱ्यासरशी पुसून टाकावेत, हे त्यांच्या गळी उतरणे शक्यच नव्हते. त्यांनी आमचे नाव पहिल्याच आठवड्यात 'शास्त्रीबोवा' असे ठेवले.

"अहो शास्त्रीबोवा," ते म्हणत, "नांव म्हणजे माणसाचे नांव. त्यावरचा बिंदू काढला की ती झाली पाण्यातली नाव. आता तुमच्या नियमाने आपण अर्जावर 'आपले नाव लिहा' असे छापले, आणि एखाद्या कोळ्याने आपल्या होडीचे वर्णन लिहून दिले, तर दोष कोणाचा?" 'तें आलें' म्हणजे पत्र आले आणि 'ते आले' म्हणजे साहेब आले, बिंदू नाहीसा झाल्यावर शिपायाने पत्रासाठीही उठून उभे राहावे काय, असा त्यांचा दुसरा प्रश्न असे.

आमचे उत्तर तयार असे. जो उच्चार बोलणाऱ्यांच्या तोंडातून केव्हाच गेला, तो कागदावर कशासाठी जपून ठेवावयाचा? 'पंच' पासून 'पांच' झाला आणि 'ग्राम' पासून 'गांव' झाला, हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने जाणावे. तलाठ्याने त्यासाठी का झिजावे? लेखन हे लिहिणाराच्या पांडित्यासाठी नसून वाचणाराच्या सोयीसाठी असते, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगत असू. हे वाक्य आम्हांला फार आवडे. पुढे ते आमच्यावरच उलटले. पण ती हकीकत यथाक्रम येईल.

अनुस्वार हे मुख्य रणांगण खरे; पण चकमकी इतरत्रही झडत. आमच्या भागातील कचेऱ्यांत 'मंजूर करणेत येत आहे', 'दाखला देणेत यावा' असे लिहिण्याची वहिवाट होती, आणि ती अद्यापही पुरती मोडलेली नाही. समोर येणारा प्रत्येक 'करणेत' खोडून आम्ही तेथे 'करण्यात' लिहीत असू. 'करणेत' लिहिल्याने कोणाची जमीन बुडाल्याचे आपल्या ऐकिवात नाही, असे अण्णा म्हणत. त्यावर 'जमीनीचा' लिहिण्याने तरी कोणाची तरली आहे, असे विचारून आम्ही त्यांतील 'मी' ची दुसरी वेलांटी काढून पहिली देत असू. 'कर्मचारीवर्ग' की 'कर्मचारिवर्ग' या प्रश्नावर तर कचेरी दोन दिवस दुभंगली होती. 'मंत्रिमंडळ' सारे जण पहिल्या वेलांटीने लिहितात, मग कर्मचाऱ्याने काय पाप केले आहे, असा आमचा सवाल. मंत्र्याची वेलांटी आणि कर्मचाऱ्याची वेलांटी एक कशी असेल, असा लेखाशाखेतील एका गृहस्थांचा जबाब. शेवटी टंकलेखनाचे काम पाहणाऱ्या बाईंनी यंत्रावरचे हात उचलून सांगितले, "जे काय शुद्ध असेल ते पाचाच्या आत ठरवा, मला शेवटची मोटार गाठायची आहे." तो वाद त्यामुळे मिटला. कोणत्या बाजूने मिटला हे आज आठवत नाही.

शब्दांच्या निवडीवरूनही असेच चाले. अर्थात हा वाद काही आमच्या कचेरीत जन्मलेला नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्या काळातच डबिराचा सुमंत आणि सुरनिसाचा सचिव झाला होता. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला आणि 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्द रूढ झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर सरकारने पदनामकोश काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून टर उडविली. इतक्या थोरामोठ्यांचा वाद आमच्या टेबलापर्यंत येऊन पोचला, तेव्हा त्याचे स्वरूप असे झाले होते की, एकाच फायलीला एक परिपत्रक 'नस्ती' म्हणे, दुसरे 'धारिका' म्हणे, तिसरे 'संचिका' म्हणे. आणि ती आणावयास पाठविलेला शिपाई मुकाट्याने जाऊन फाईल घेऊन येई.

या शिपायाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. तो चाळिशीतला, जवळच्याच एका खेड्यातला. नोकरीस लागल्यावर रात्रीच्या वर्गात जाऊन तो अक्षरे शिकला होता. कचेरीच्या ओसरीवर तिष्ठत बसलेल्या खेडुतांना आमची पत्रे तोच वाचून दाखवी, आणि नुसता वाचून न थांबता समजावून सांगे. आम्ही लिहिलेल्या 'उपरोक्त विषयान्वये' चे तो 'तुमच्या त्या कामाबद्दल' असे करी; अण्णांनी लिहिलेल्या 'सदरहू इसमाने' चे 'तुम्ही' असे करी. आमचे दोघांचे मराठी लोकांपर्यंत पोचे ते त्याच्या मराठीतून. आम्हां दोघांच्याही ते कधी ध्यानात आले नाही.

त्याच्याजवळ एक चाळीस पानी वही असे. रिकाम्या वेळी तो तीत काहीबाही लिही, आणि मधूनच आमच्या टेबलाशी येऊन अदबीने विचारी, "साहेब, 'विहीर' मधली 'ही' पहिली का दुसरी?" आम्ही सांगत असू. 'विहीर' दुसरी, पण 'विहिरीत' पहिली, हे ऐकून तो हसे आणि म्हणे, "आत पडली की बारीक हुती म्हणायची!" ऱ्हस्वदीर्घाचा नियम ध्यानात ठेवण्याची याहून चांगली युक्ती आम्हांला कोणत्याही व्याकरणात आढळलेली नाही.

१९७५ च्या पावसाळ्यात तो अल्पशा आजाराने वारला. त्याच्या पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. सेवापुस्तकात त्याने पूर्वी स्वतःच्या हाताने भरून दिलेले कुटुंबाचे विवरणपत्र होते. अक्षर मोठे, थोडे थरथरते, पण रेघ न सोडणारे. त्यात पत्नीचे नाव होते. खरे नाव येथे देणे योग्य नव्हे. समजा की ते 'सुशिला' असे लिहिलेले होते, 'शि' पहिली. इतर शेकडो शब्दांविषयी तो आम्हांला विचारीत आला होता. या शब्दाविषयी त्याने कधी विचारले नव्हते. त्याविषयी त्याला शंकाच नसावी.

आमचा हात आपोआप दुसऱ्या वेलांटीकडे वळला. 'शील' हा शब्द तत्सम. त्यातील ईकार दीर्घ. तेव्हा 'सुशीला' हेच शुद्ध. प्रस्तावात, नमुन्यांत, दाखल्यांत आम्ही सर्वत्र 'सुशीला' असे लिहिले. बिचाऱ्याच्या शेवटच्या कागदात तरी अशुद्ध राहू नये, असा काहीसा स्नेहाचा भावही मनात होता, हे खरे. पण स्नेहाच्या पोटी केलेली चूक ही चूकच असते, आणि तिचा हिशेब दुसऱ्याच कोणाला तरी द्यावा लागतो.

कागद अण्णांकडे तपासणीस गेले. त्यांनी त्या नावावर बोट ठेवले.

"सेवापुस्तकात पहिली आहे."

"ती चूक आहे," आम्ही म्हणालो.

"असेल. पण नांव शुद्ध करावयाचे नसते, शास्त्रीबोवा. उतरवून घ्यावयाचे असते. बदलून आणा."

आम्हांला वाटले, हा बिंदूंचाच हट्ट. आता वेलांटीचे रूप घेऊन आला आहे. दुसऱ्या दिवसापासून अण्णा भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेले. आम्ही कागद बदलले नाहीत. साहेबांच्या सहीनिशी ते तसेच वर रवाना झाले, आणि एका वादात तरी अण्णांवर मात केल्याचे समाधान आम्ही आठ दिवस उपभोगले.

अडीच महिन्यांनी वरच्या कचेरीतून कागद परत आले. सेवापुस्तकातील नाव व प्रस्तावातील नाव यांत तफावत आढळते; सबब दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याबद्दल प्रतिज्ञापत्र सादर करावे, असा आक्षेप होता. वरच्या कचेरीला दोष देण्यास जागा नव्हती. ज्याने हे लिहिले तोही आमच्यासारखाच कोणी दक्ष कारकून असला पाहिजे. फरक एवढाच की, आम्ही कोश पाहून दक्षता दाखविली होती, त्याने कागद पाहून.

त्या बाई आल्या. दहाबारा वर्षांचा मुलगा बरोबर होता. पहाटेच्या एस. टी. ने निघून त्या दहाच्या आधीच ओसरीवर येऊन बसल्या होत्या, आणि त्यांना वरून आलेले पत्र समजावून सांगणारा माणूस आता त्या ओसरीवर नव्हता. ते काम आमच्याकडे आले. नावात फरक पडला आहे, असे आम्ही मोघम सांगितले, आणि एका अर्जावर सही करावयास कागद पुढे केला. बाईंनी पेन घट्ट धरले आणि एकेक अक्षर जुळवून नाव लिहिले. 'शि' पहिली. आमची नजर तेथेच खिळलेली त्यांना दिसली असावी. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी शिकवल्यालं हाय, तसंच लिवते. चुकीचं हाय का ते?"

खिशातील पुस्तिकेत अठरा नियम होते. या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकातही नव्हते.

अण्णा आपल्या जागेवरून उठून आले. "नाही बाई," ते म्हणाले, "तुमचे बरोबर आहे. चूक कचेरीची आहे." मग छत्री घेऊन ते स्वतः बाईंबरोबर निघाले. मुद्रांक घेणे, अर्जनवीसाकडून मजकूर लिहवून घेणे, साक्षीदार उभा करणे, सारे त्यांनी त्या एका दिवसात उरकले. मुद्रांकाचे पैसे आम्ही दिले. तेवढेच करणे सोपे होते. कागद पुन्हा वर गेले, मंजूर होऊन आले, आणि जे वेतन आधी सुरू व्हावयाचे ते पाच महिने उशिरा सुरू झाले. त्या पाच महिन्यांत त्या घरात काय काय घडले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. एक शेळी विकल्याचे मात्र मुलगा बोलता बोलता बोलून गेला.

अण्णांनी या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. त्यांनी रागावावे असे आम्हांला फार वाटे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या एका पत्रातील 'गाव' वर नेहमीप्रमाणे बिंदू दिला; आम्ही नेहमीप्रमाणे तो काढला नाही, एवढेच.

यावरून कोणी असे समजू नये की, अण्णांचा बिंदू खरा ठरला आणि आमचे नियम खोटे ठरले. ज्याचा उच्चार होत नाही असा अनुस्वार लिहू नये, असे आम्हांला आजही वाटते, आणि 'जमीनीचा' हे रूप दिसले की आमचे डोळे आजही दुखतात. नियम हवेतच. एका जिल्ह्यातला कागद दुसऱ्या जिल्ह्यात, एका पिढीचा कागद दुसऱ्या पिढीत वाचता यावा, यासाठी कोणीतरी बसून काहीतरी ठरविलेच पाहिजे. पण शब्द ही सर्वांची मालमत्ता आहे, म्हणून तिच्यावर सर्वांचा नियम चालतो. नाव हे एकाच माणसाचे असते. ते त्याला कोणी प्रेमाने ठेवलेले, कोणी कष्टाने लिहावयास शिकविलेले असते. आणि कागदावर त्याचे जे रूप एकदा पडले, त्यावर त्याची जमीन, त्याचे वेतन, त्याचा वारसा उभा असतो. तेथे आपला कोश मिटून ठेवावा आणि समोर आहे तसे उतरवून घ्यावे. लेखन वाचणाराच्या सोयीसाठी असते असे आम्ही म्हणत होतो. त्या कागदाच्या शेवटी ज्या बाई बसलेल्या होत्या, त्यांची सोय पाहण्याचे मात्र आम्हांला सुचले नव्हते. आम्ही शुद्धलेखन केले ते स्वतःसाठी.

आता कचेऱ्यांतून टंकयंत्रे गेली, संगणक आले, सातबारा पडद्यावर दिसू लागला. पण पहिली की दुसरी हा प्रश्न गेला नाही. उलट तो अधिक कठोर झाला आहे. 'सुशिला' आणि 'सुशीला' एकच असाव्यात, असा निदान संशय तरी माणसाला येऊ शकतो. यंत्राच्या लेखी दोन वेलांट्या म्हणजे दोन बायका. आधारपत्रावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे, अशी एकाच नावाची तीन रूपे पिशवीत घालून खेटे घालणारी माणसे आम्ही आजही पाहतो. अशा प्रत्येक पिशवीच्या मुळाशी कोणीतरी घाईत असलेला, किंवा आमच्यासारखा विद्वान, कारकून असणार, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

असो. अण्णा १९८४ साली निवृत्त झाले. मानपत्र लिहिण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. आम्ही एक जुने व्याकरण मिळविले, तीन रात्री जागलो, आणि सारे मानपत्र अण्णांच्या शुद्धलेखनात लिहिले. तृतीयेचे, सप्तमीचे, नपुंसकलिंगाचे, झाडून सारे बिंदू जागच्या जागी दिले. साहेबांनी कागद पाहून भुवया उंचावल्या. "अहो, नियमांचे काय?" आम्ही म्हणालो, "वाचावयाचे अण्णांना आहे, साहेब."

समारंभ झाला. हार, नारळ, शाल झाली. मंडळी चहाकडे वळली, तेव्हा अण्णांनी चष्मा लावला आणि मानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचले. आम्ही शेजारी उभे होतो. वाचून झाल्यावर त्यांनी काही न बोलता खिशातील पेन काढले, तिसऱ्या ओळीतील एका शब्दावर एक बिंदू दिला, आणि टोपण लावून ते पेन पुन्हा खिशात ठेवले. आम्ही वाकून पाहिले. शब्द 'नाव' हा होता.

"होडी झाली होती, शास्त्रीबोवा," अण्णा म्हणाले.